सहीचा ड्रम

सोनूच्या ओठांच्या रंगाची पहिली नोंद संजीवनीने मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलमध्ये केली, तारीख आणि वेळेसकट. ‘बुधवार, सायं. ६.४०. ओठ फिकट. कडेला राखाडी?’ शेवटचं प्रश्नचिन्ह मुद्दाम टाकलेलं होतं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही एम.एस्सी.पासूनची सवय. पोटच्या आठ महिन्यांच्या पोराच्या बाबतीतही ती सुटत नव्हती.

“उजेड कमी आहे गॅलरीत,” सुयोग म्हणाला. तो महाप्यातल्या एका कंपनीत नोकरीला होता आणि नुकताच घरी येऊन बूट काढत होता. “तुला रंग बघायचा आजारच आहे. परवा माझ्या चहाचा रंग बघत होतीस.”

“चहात दूध जास्त होतं.”

“झालं! आता पोराचं सर्टिफिकेट काढ, पास की नापास.”

संजीवनी हसली. रंग बघणं हेच तिचं काम होतं. अंबरनाथ एमआयडीसीत रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात ती क्वालिटी कंट्रोलची सीनियर केमिस्ट होती. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून ती जानेवारीत कामावर रुजू झाली, तेव्हा तिच्या साहेबांनी, राजेश सरांनी, दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. मार्चअखेर परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. ते नीट पार पडलं तर इन-चार्जची खुर्ची तुझी. आणि रोज साडेपाचला निघायचं असेल तर नीघ, फक्त काम अडता कामा नये.

साडेपाचला निघणं भागच होतं. दिवसभर सोनूला सांभाळणाऱ्या तुळशीमावशी बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत चार पोरं बघायच्या आणि साडेसहाला दार लावून घ्यायच्या. त्यांचा नवरा देऊ संजीवनीच्याच कारखान्यात ड्रम धुण्याच्या शेडवर कंत्राटी कामगार होता. दोघं बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येऊन इथे राहिलेली. पाळणाघर शोधून संजीवनी थकली तेव्हा देऊच म्हणाला होता, “माजी घरवाली बघल ना, मॅडम. तिनं भावांची सात पोरं वाढवलीत.”

घड्याळाचा काटा साडेपाचवर आला की लॅबमधली धाकटी केमिस्ट हर्षदा न चुकता ओरडायची, “भोंगा झाला! मॅडमच्या पोटात भोंगा झाला!” संजीवनी तिच्याकडे न बघता ॲप्रन खुंटीला टांगायची, कोपरापर्यंत हात धुवायची, कपडे बदलायची आणि स्कूटर काढायची. कारखान्यातला एक कणही घरी न्यायचा नाही, असा तिचा नियम होता.

नोंदी वाढत गेल्या. सोमवारी ओठ बरे, मंगळवारी जरा फिके, गुरुवारी संध्याकाळी नखंसुद्धा मळकट. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी सोनू आईजवळ असे आणि शनिवारी सकाळी तो पुन्हा गुलाबी दिसे. शनिवार-रविवार तो सुयोगकडे असायचा, त्यामुळे बापाला पोर नेहमी चांगलंच दिसायचं. डॉक्टरांकडे न्यायला वेळ मिळायचा तोही शुक्रवारी संध्याकाळी. अंबरनाथच्या डॉ. सोनियांनी सोनूच्या पापण्या ओढून बघितल्या, छाती ऐकली आणि लोहाचे थेंब लिहून दिले.

“वजन छान आहे. तुम्ही वर्किंग मदर्स ना, फार टेन्शन घेता. बच्चा मस्त आहे.”

तो शुक्रवारी मस्तच असायचा.

दुसऱ्या आठवड्यातही ओळी तशाच पडल्या, तेव्हा संजीवनीने नोंदी पुन्हा वरून खाली वाचल्या. कारण असा राखाडी रंग तिने पूर्वी पाहिला होता. त्यांच्या कारखान्यात एक पिवळट, तेलकट द्रव ड्रमांतून यायचा, ॲनिलिनच्या जातीचा. तो अंगावर सांडला किंवा पोटात गेला की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. माणसाचे ओठ, नखं राखाडी-निळी पडतात. कामगार म्हणायचे, अमका ‘निळा पडला’. सुरक्षेच्या वर्गात ती स्वतः हे शिकवायची आणि शेवटी सांगायची, “मोठ्या माणसाचं शरीर हे निस्तरतं. तान्ह्या पोराला ते जमत नाही. म्हणून कपडे बदलल्याशिवाय घरी जायचं नाही.”

तिने पहिला संशय स्वतःवर घेतला. आपल्या कातडीतून, केसांतून किंवा दुधातून तर जात नसेल? पण शुक्रवारी दिवसभर तो तिलाच चिकटून असायचा, तिचंच दूध प्यायचा आणि शुक्रवारीच सुधारायचा. म्हणजे आई नव्हे. दोष आणखी कुठेतरी होता आणि तो सोमवार ते गुरुवार साचत होता. तुळशीमावशींकडे पोटात काय जातं? नाचणीची पेज, तांदळाची पेज, दुपारी डब्याचं दूध. तिन्हींना पाणी लागतं.

हा विचार तिच्या मनात आला मंगळवारी दुपारी. ऑडिट गुरुवारी होतं. मावशींकडे जाऊन पाण्याचा नमुना आणायचा, लॅबमध्ये लावायचा, म्हणजे अर्धा दिवस गेला. हर्षदा विचारणार, कसलं सॅम्पल? राजेश सर विचारणार, आत्ता? तिने मोबाइलमध्ये लिहिलं, ‘पाणी तपासणे. शुक्रवारी.’ आणि ऑडिटच्या फायली उघडल्या.

त्या फायलींत एक पिवळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं, रिकाम्या ड्रमांचं. निळे प्लास्टिकचे ड्रम रिकामे झाले की तीनदा धुवायचे, मग पाण्याने भरून चोवीस तास ठेवायचे आणि त्या पाण्याची चाचणी करायची. पाणी शुद्ध निघालं तरच ‘स्वच्छ’ अशी चिठ्ठी सहीनिशी चिकटवायची. हा नियम तिने स्वतःच लिहिला होता. हे द्रव प्लास्टिकच्या जाडीत मुरतात आणि धुतल्यावर लगेच काही दिसत नाही, पाणी उभं राहिलं की हळूहळू बाहेर येतात, म्हणून चोवीस तास. जानेवारीत परत आल्यावर अडचण अशी झाली की ड्रम धुऊन व्हायचे दुपारी, पण भरून व्हायचे संध्याकाळी सहाला, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा नमुनाही सहालाच घ्यायचा. सहा वाजता ती मावशींच्या दारात असायची. तिने सहा ड्रम दोन्ही पद्धतींनी तपासून पाहिले, धुतल्याबरोबर आणि चोवीस तासांनी. बाराही चाचण्या स्वच्छ. मग तिने ठरवलं की धुतल्याबरोबरची चाचणी पुरे, आणि चोवीस तासांच्या रकान्यात तोच आकडा उतरवायला सुरुवात केली.

सहा ड्रम, तेही जानेवारीच्या थंडीतले. दुसऱ्या कुणी एवढ्यावर नियम बदलला असता, तर तिने ते पान लाल शाईने परत पाठवलं असतं.

कागदोपत्री हे ड्रम तुकडे करण्यासाठी उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे जायचे. पण बदलापूर काय, वांगणी काय, जिथे पाणी एक दिवसाआड येतं तिथे दर गॅलरीत एक निळा ड्रम उभा असतो, आणि तो कुठून येतो हे न विचारण्याची सगळ्यांना सवय होती. तिलाही होती.

गुरुवारी दुपारी तीनला मोठ्या मीटिंग रूममध्ये गिऱ्हाइकाचा माणूस नेमकं तेच पिवळं रजिस्टर चाळत होता. “व्हेरी नीट,” तो म्हणाला. राजेश सरांनी संजीवनीकडे बघून भुवया उंचावल्या. तिचा फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवलेला होता. मीटिंग संपली तेव्हा तीन चाळीस झाले होते आणि फोनवर तुळशीमावशींचे सहा मिस्ड कॉल होते.

“ताई, पोर डोळाच उघडीत नाय. हाका मारते, अंग हलवते, नुसता कण्हतो. त्वांड बघा कसा झालाय त्याचा, राखेसारका. मी काय केला नाय हो ताई!”

“रिक्षा बघून ठेवा, मावशी. त्याला काही पाजू नका. पाणीसुद्धा नाही. मी आलेच.”

स्कूटर तिने कशी चालवली ते नंतर तिला आठवलं नाही. हेंद्रेपाड्याच्या गल्लीत मावशी दारातच उभ्या होत्या, सोनू खांद्यावर, शेजारची रिक्षा सुरू. सोनूचा चेहरा जस्ताच्या पत्र्यासारखा झाला होता. मावशींनी त्याच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला होता. पाणी त्याच्या कानामागून ओघळत होतं.

“हे पाणी कुठलं?”

“आपलंच. ड्रमातला. नळ काल आला नाय, आजबी नाय. तळाचा हाय, पर उकळल्याबिगर पाजत नाय मी पोरांना.”

मोरीच्या बाजूला निळा ड्रम उभा होता. त्याच्या खांद्यावर पारदर्शक टेपखाली एक चिठ्ठी होती. ‘स्वच्छ’. आणि खाली, किंचित उजवीकडे झुकलेली, संजीवनीची सही.

देऊ पाळी सुटून नुकताच आला होता. तिची नजर कुठे गेली ते त्याने पाहिलं. “तीन आठवडे झाले, आनला. जुना तडकला म्हून. मी मुद्दाम तुमच्या सहीचा निवडला, मॅडम. रातपाळीच्या सायबाच्या सहीचा नको म्हनलो. तो बघत नाय, नुसती सही करतो.”

संजीवनी ड्रमाजवळ गेली. तिने रिकामी बाटली घेतली, ड्रमात बुडवून भरली, झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, “बाकीची तीन पोरं पण घ्या. सगळी. आत्ता.”

अंबरनाथच्या हॉस्पिटलात डॉ. सोनियांनी सोनूच्या पायाच्या अंगठ्याला रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र लावलं. आकडा पंच्याऐंशी आला. प्राणवायू लावला. पाच मिनिटांनीही पंच्याऐंशी. डॉक्टरांनी यंत्र बदललं, नळी तपासली. “ये बढ़ क्यूँ नहीं रहा?”

“मॅडम, रक्ताचा एक थेंब टिपकागदावर घ्या,” संजीवनी म्हणाली. तिचा आवाज तिला लॅबमधल्यासारखा सपाट ऐकू आला.

परिचारिकेने सुई टोचली. पांढऱ्या कागदावर थेंब पसरला. तिघी त्याच्याकडे बघत राहिल्या. हवा लागली की रक्त लाल होतं. हा थेंब मिनिटभराने तसाच होता, वितळलेल्या चॉकलेटसारखा.

“मेथेमोग्लोबिन,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “तुम्हाला कसं माहीत?”

“मी शिकवते हे.”

त्यावरचं औषध, मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन, त्या छोट्या हॉस्पिटलात नव्हतं. उल्हासनगरहून मागवायला तास लागला असता. पण कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत ते असतं, हे तिला ठाऊक होतं. तिने राजेश सरांना फोन लावला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पाहुण्यांना चहावर सोडून ते स्वतः गाडीने आले. बावीस मिनिटांत गर्द निळी कुपी डॉक्टरांच्या हातात होती. डॉक्टरांनी वजनावरून मात्रा काढली, दोनदा मोजली आणि सुई अगदी सावकाश दाबली. अर्ध्या तासाने सोनूने डोळे उघडले आणि रडायला लागला. ओठांच्या मधोमध, पहिल्यांदा तिथेच, गुलाबी रंग आला.

बाकीच्या तिघांपैकी एका मुलीत सौम्य दोष निघाला. तिला नुसतं देखरेखीखाली ठेवलं. तुळशीमावशी बाकड्याशेजारी फरशीवर बसून होत्या, वर बसायला तयार नव्हत्या.

सुयोग धावत आला. संजीवनीने त्याला सगळं सांगितलं, सहा ड्रमांपासून. तो सोनूच्या पायावर हात ठेवून उभा होता. त्याने एवढंच विचारलं, “असे किती?”

“एकसष्ट.”

त्याने सोनूचं पांघरूण सारखं केलं. साडेसहाच्या आत पोराकडे पोहोचायचं म्हणून तिने एक रकाना खोटा भरला होता. दुसऱ्या कुणाच्या घरी पोर कण्हत असेल, तिथे चॉकलेटी थेंब ओळखणारं कुणी असेलच असं नव्हतं. तिथे डॉक्टर लोहाचे थेंब लिहून देत असतील.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, राजेश सर पुन्हा आले. हातात सफरचंदांची पिशवी होती. सोनूला बघून झाल्यावर त्यांनी संजीवनीला जिन्याजवळ नेलं.

“ऑडिट पास झालं. तुझं इन-चार्जचं पत्र माझ्या टेबलावर आहे.”

“सर, ड्रम परत मागवायला हवेत.”

“हे बघ. रजिस्टरमध्ये काय आहे? चोवीस तासांचा आकडा आहे, सही आहे. म्हणजे चाचणी झालेली आहे.”

“झालेली नाही.”

“हे कुणाला माहीत आहे? तुला. आणि आता मला. देऊने ड्रम न विचारता उचलला, चूक त्याची. आपण त्याला काढणार नाही, सांभाळून घेऊ. नव्वद माणसं काम करतात तिथे, संजीवनी. टाळं लागलं तर त्यांच्या पोरांचं काय? तू साडेपाचला निघायचीस, मी कधी एक शब्द बोललो? काल गाडी काढताना मी विचार केला का?”

“नाही केलात, सर. तुम्ही आणलंत म्हणून तो आहे.”

“मग?”

तिने जिन्याच्या कठड्याला हात टेकला. “मी सकाळी सातलाच मेल केलाय. तुम्हाला आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला. ड्रमांचे नंबर आणि तारखा जोडल्यात. रकाना मी भरला हेही लिहिलंय.”

राजेश सरांनी फोन काढून पाहिला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी सफरचंदांची पिशवी तिच्या हातात दिली, जणू ती द्यायची राहून गेली होती, आणि जिना उतरून गेले.

सरकारी ऑफिसात फोन उचलणाऱ्याने सांगितलं, साहेब सोमवारी भेटतील. सोमवारपर्यंत तीन दिवस. चढत्या उन्हात उभ्या पाण्याचे तीन दिवस. संजीवनीने सोनूला अंगावर पाजलं, सुयोगकडे दिलं आणि देऊला स्कूटरवर मागे बसवून उल्हासनगर गाठलं.

भंगाराचं गोदाम एका फर्निचर बाजाराच्या मागे होतं. गेटाच्या आत माणसाच्या डोक्याहून उंच निळ्या ड्रमांची भिंत होती. तिच्यामागे दुसरी. मालक, एक सिंधी शेठ, खुर्चीवर बसून पापड मोडत होता.

“साईं, जानेवारीपासून आमच्या कंपनीचे साठ आले तुमच्याकडे. कुणाला विकले?”

“मॅडम, महिन्याला चारशे ड्रम येतात मेरे पास. सगळे भाऊ एकसारखे. तुमचे कुठले, आमचे कुठले, कसा सांगू?”

“चिठ्ठी असते त्यावर. माझ्या सहीची.”

“चिठ्ठी आम्ही थिनर मारून काढतो ना. गिऱ्हाइकाला लेबल नाही आवडत. बोलते हैं, केमिकल का है क्या?” शेठ हसला. संजीवनीचा चेहरा बघून थांबला. “कुछ लफड़ा है क्या?”

“काही विकू नका. हे सगळे बाजूला ठेवा.”

“चारशे?”

देऊ ड्रमांच्या रांगेतून फिरत होता. एकेकाच्या बुडाशी वाकून नंबर शोधत होता. नंबरही घासून काढलेले होते. मागच्या बाजूला एक टेम्पो लागला होता, आणि एक बाई, पदर खोचलेली, एका ड्रमात डोकं घालून वास घेत होती. तिने तोंड बाहेर काढलं आणि शेठला हाक मारली, “हा द्या. याला वास नाय.”

“ताई, तो घेऊ नका,” संजीवनी म्हणाली.

“का? तुम्ही ठेवलाय का?”

“नाही. यातल्या काही ड्रमांत विष मुरलंय. वासावरून कळत नाही.”

बाईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही कोण? नगरपालिकेच्या?”

“कंपनीची केमिस्ट आहे. हे ड्रम चांगले आहेत अशी सही मी करायचे.”

“मग बरंच झालं की! तुम्हीच सांगा, यातला चांगला कुठला?”

संजीवनीने रांगेकडे पाहिलं. निळा, निळा, निळा. बारा चाचण्या करणारे डोळे तिच्याजवळ होते. त्यांना एका ड्रमात आणि दुसऱ्या ड्रमात फरक दिसत नव्हता.

“मला सांगता येत नाही,” ती म्हणाली.

“घ्या! सही करायच्या आणि सांगता येत नाय!” बाई टेम्पोवाल्याकडे बघून हसली. “अहो, मागचा इथूनच नेलाय आम्ही. काय झालं नाय त्याला. पाणी कसं गार राहतं.”

“केव्हा नेला?”

“होळीच्या आधी.”

“त्यातलं पाणी पिता?”

“मग काय, शोभेला ठेवलाय?”

संजीवनी तिच्याजवळ गेली. “ताई, घरात सगळ्यांत लहान कोण आहे?”

बाईचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिने ड्रमवरचा हात काढून घेतला.